हेडफोनची पारख



घरांत एखादें मडकें विकत घ्यावयाचें झालें तर गृहिणी त्यावर बोटानें टिचकी मारते, आवाज खणखणीत आहे कीं बद्द आहे हें ऐकते, आणि मगच पैसे मोजते. परंतु जी वस्तु केवळ ऐकण्यासाठींच घ्यावयाची, ती मात्र हल्लीं पुष्कळ घरांत एकदांही न ऐकतां, चित्र पाहून आणि खोक्यावरील मजकूर वाचून विकत घेतली जाते. ही वस्तु म्हणजे संगणकाला जोडून कानांवर चढविण्याचा हेडफोन.

कॉलेजांत जाणाऱ्या मुलाला संगणकावर खेळ खेळावयाचे असतात. त्याच्या वडिलांना रात्रीं, घर निजल्यावर, एखाद्या जुन्या मैफलीचें ध्वनिमुद्रण निवांतपणें ऐकावयाचें असतें. घरूनच कचेरीचें काम करणाऱ्या मुलीला दिवसांतून चार वेळां परगांवच्या सहकाऱ्यांशीं बोलावयाचें असतें. या तिन्ही कामांसाठीं कोणता हेडफोन घ्यावा, एकच पुरेल कीं निरनिराळे हवेत, आणि पैसा कोणत्या गुणासाठीं खर्च करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट केलेला बरा. दोन्ही कानांवर बसणाऱ्या ध्वनियंत्रांच्या जोडीस हेडफोन म्हणतात. त्यालाच तोंडापाशीं येणारी मायक्रोफोनची दांडी जोडलेली असली म्हणजे तो हेडसेट झाला. बाजारांत 'गेमिंग हेडसेट' या नांवानें जी वस्तु मिळते ती या दुसऱ्या जातीची.

या विषयांत बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांचा गोंधळही पुष्कळ आहे. परंतु सर्वांच्या मुळाशीं एक सोपी कसोटी आहे, ती ध्यानांत धरली म्हणजे वाट चुकत नाहीं. ज्या हेडफोनांतून कमी आवाजांतही सर्व कांहीं स्वच्छ ऐकूं येतें तो चांगला. ज्यांतून स्वच्छ ऐकण्यासाठीं आवाज वाढवीत जावें लागतें तो वाईट, मग त्याची किंमत आणि त्याचें नांव कांहींही असो. खेळ, गाणें आणि कानाचें आरोग्य या तिन्हींचें हित या एकाच कसोटींत सामावलेलें आहे, असें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

कानाला लावून ऐकण्याची ही रीत नवी नव्हे. अमेरिकेंतील युटा संस्थानांत नॅथॅनियल बाल्डविन या गृहस्थानें १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरांत बसून तयार केलेले हेडफोन अमेरिकन आरमारानें बिनतारी संदेशांसाठीं विकत घेतले. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां ज्यांना व्हॉल्व्हचा महागडा रेडिओ परवडत नसे त्यांना साध्या क्रिस्टल सेटवर भागवावें लागे. त्या सेटला विजेची जोड नसे. जें कांहीं ऐकूं येई तें आकाशांतून आलेल्या लहरींच्याच बळावर, आणि म्हणून हेडफोन कानाशीं घट्ट धरावा लागे. पुढें १९५८ सालीं जॉन कॉस यानें अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं दोन कानांना दोन निरनिराळे ध्वनिप्रवाह पोंचविणारा, खास संगीतासाठीं केलेला हेडफोन पुढें आणला. १९६८ सालीं जर्मनींतील सेनहायझर कंपनीनें उघड्या पाठीचा एच्. डी. ४१४ हा हेडफोन काढला. आणि १९७९ सालीं सोनी कंपनीच्या वॉकमननें हेडफोनला घरांतून रस्त्यावर नेलें. या इतिहासांतील मर्म एवढेंच कीं, पूर्वीं आवाज क्षीण होता म्हणून हेडफोन लागे. आज तो इतका प्रबळ आहे कीं, त्यापासून कानाला जपावें लागतें.

आतां खेळाकडे वळावें. नेमबाजीचे आणि चढाईचे जे खेळ आज तरुणांत लोकप्रिय आहेत, त्यांत कानाला डोळ्याइतकेंच काम असतें. भिंतीपलीकडे प्रतिपक्षाचें पाऊल वाजलें, तें डावीकडे कीं उजवीकडे, जवळ कीं दूर, हें ज्याला आधीं कळतें तो वांचतो. म्हणून खेळाडूला हेडफोनकडून दिशेचें ज्ञान हवें असतें. हें ज्ञान कानाला होतें कसें, याचा उलगडा इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यानें १९०७ सालीं करून दाखविला. उजवीकडून येणारा आवाज उजव्या कानाशीं आधीं पोंचतो आणि डाव्या कानाशीं किंचित् मागाहून. हा फरक फार झाला तर सेकंदाच्या सुमारें दीडहजाराव्या भागाइतका असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय उंच पट्टीच्या आवाजांच्या वाटेंत डोकें आडवें येत असल्यामुळें पलीकडच्या कानाला ते क्षीण ऐकूं येतात. समोरचा आवाज कोणता आणि पाठीमागचा कोणता, वरचा कोणता आणि खालचा कोणता, हें मात्र कानाच्या बाहेरील भागाच्या वळ्यांवर आपटून आवाजांत जो सूक्ष्म बदल होतो, त्यावरून कळतें.

यावरून एक गोष्ट उघड होते. निसर्गानें मनुष्यास कान दोनच दिले आहेत, आणि सर्व दिशाज्ञान त्या दोहोंवरच चालतें. असें असतांना गेमिंग हेडसेटच्या खोक्यावर '७.१' हा आंकडा मोठ्या अक्षरांत कां छापलेला असतो? चित्रपट दाखवितांना प्रेक्षकांच्या सभोंवार सात ध्वनिक्षेपक आणि खर्जाच्या आवाजासाठीं एक आठवा अशी मांडणी करतात, तिला हा आंकडा लावण्याची चाल आहे. बहुतेक हेडसेटांत मात्र प्रत्येक कानाला एक, असे दोनच ध्वनिक्षेपक असतात; बाकीचे संगणकानें गणित करून भासविलेले असतात. हें गणित खोटें असतें असें नव्हे; परंतु त्यासाठीं विशिष्ट हेडसेटच हवा असें मुळींच नाहीं. व्हॅलोरंटसारख्या खेळांत ही सोय खेळाच्या आंतच केलेली आहे, आणि विंडोज प्रणालींतही २०१७ पासून 'विंडोज सॉनिक' या नांवानें ती फुकट मिळते. साध्या दोन कानांच्या कोणत्याही हेडफोनवर ती चालते. मात्र खेळानें एकदां केलेल्या गणितावर विंडोजनें किंवा हेडसेटनें तेंच गणित पुन्हां केलें, तर दिशा स्पष्ट होण्याऐवजीं पुसट होते. यास्तव दोहोंपैकीं एकच चालू ठेवावें, आणि खेळांतच ती सोय असेल तर खेळाचीच ठेवावी. गाणें ऐकतांना दोन्ही बंद करावीं. कारण गाण्याचें ध्वनिमुद्रण करणाऱ्यानें जें दोन कानांसाठीं बेतून दिलें आहे, त्यावर पुन्हां मीठमसाला घातल्यानें चव बिघडते.

गाण्याची मागणी खेळाहून निराळी वाटते, पण ती खेळाच्या विरुद्ध नाहीं. गाणें ऐकणाऱ्याला स्वरांचा समतोल हवा असतो. तंबोऱ्याची जवारी स्पष्ट लागावी, परंतु ती कानांत टोंचूं नये. डग्ग्याचा घुमारा भरीव यावा, पण त्यानें गायकाचा आवाज झांकूं नये. 'स' आणि 'श' या वर्णांचा फुत्कार कानाला बोचूं नये. आणि तानेच्या अगोदर घेतलेला श्वासही ऐकूं यावा. हेडफोनचा एखादा भाग फुगवून ठेवलेला असला म्हणजे हा समतोल ढळतो. बाजारांतील पुष्कळ हेडफोनांत खर्जाचा भाग मुद्दाम वाढविलेला असतो; कारण दुकानांत दोन मिनिटें ऐकणाऱ्यावर त्याची छाप चटकन् पडते. परंतु खालच्या पट्टीचा मोठा आवाज वरच्या पट्टीच्या बारीक आवाजांना झांकून टाकतो, हा कानाचा धर्म आहे. असा हेडफोन घातला म्हणजे गाण्यांत शब्द हरवतात आणि खेळांत पाऊल हरवतें. मग ऐकणारा काय करतो? आवाज वाढवितो. म्हणजे एका दोषामुळें गाणें बिघडलें, खेळ बिघडला आणि कानावरील भारही वाढला. यासाठींच संगीताला जो हेडफोन चांगला तोच खेळालाही बहुधा चांगला असतो, आणि 'गेमिंग' या शब्दासाठीं वेगळे पैसे मोजण्याचें कारण उरत नाहीं.

मग हा समतोल ओळखावा कसा? खोक्यावरील आंकडे त्या कामीं फारसे उपयोगीं पडत नाहींत. कित्येक खोक्यांवर '१० ते ४०,००० हर्ट्झ' असें छापलेलें असतें. तरुण आणि निरोगी मनुष्याच्या कानाची मर्यादा सुमारें २० ते २०,००० हर्ट्झ इतकीच असून वयाबरोबर तिची वरची बाजू खालीं येत जाते. तेव्हां त्यापलीकडच्या आंकड्यानें ऐकणाऱ्याच्या पदरांत कांहीं पडत नाहीं. पडदा ४० मिलिमीटरचा कीं ५० चा, यावरूनही गुण ठरत नाहीं. किंमतीचें तरी काय? जेरोन ब्रेबार्ट या संशोधकानें २०१७ सालीं २८३ हेडफोनांचीं मोजमापें तपासून त्यांचा किंमतीशीं ताळा घातला, तेव्हां स्वरांच्या समतोलाचा आणि किंमतीचा कांहीं संबंध त्याला आढळला नाहीं. अर्थात् महाग वस्तूंत घडण, टिकाऊपणा, हलकेपणा हे गुण असूं शकतात. पण महाग म्हणून सुस्वर, असा नियम नाहीं. 'नांव मोठें, लक्षण खोटें' ही म्हण येथेंही लागू पडते, आणि हेडफोन घेणाऱ्यानें निदान खरेदीच्या वेळीं तरी हलक्या कानाचें असूं नये.

खरी परीक्षा आपल्याच कानांनीं करावी. ज्याचा प्रत्येक स्वर परिचयाचा आहे असें एखादें ध्वनिमुद्रण बरोबर न्यावें आणि तें आधीं मंद आवाजांत ऐकावें. मोठा आवाज बहुतेकांना अधिक चांगला भासतो, म्हणून दोन हेडफोनांची तुलना करतांना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा, नाहींतर निकाल फसवा होतो. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यास तपकीर गल्लींत अशी परीक्षा करण्यास वाव नसेल, तर ज्या विक्रेत्याकडून माल परत करतां येतो त्याच्याकडून घ्यावा आणि परतीची मुदत संपण्यापूर्वीं घरीं परीक्षा करावी.

यापुढें प्रश्न येतो तो पाठीचा. कांहीं हेडफोनांची पाठ बंद असते, कांहींची जाळीदार म्हणजे उघडी. उघड्या पाठीच्या हेडफोनांत आवाज कोंडल्यासारखा वाटत नाहीं. तो सभोंवार पसरल्यासारखा भासतो, कान कमी तापतात, आणि दिशेचा भासही मोकळा होतो. म्हणून खेळाचे आणि संगीताचे पुष्कळ जाणकार त्याची शिफारस करतात. परंतु ही शिफारस ज्या शांत, बंद खिडक्यांच्या खोल्या डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते, तशा खोल्या मुंबईपुण्याच्या बिऱ्हाडांत थोड्या. येथें डोक्यावर पंखा फिरत असतो, रस्त्यावर हॉर्न वाजत असतात, आंत कुकरच्या शिट्ट्या होत असतात. उघड्या पाठींतून हे सर्व आवाज थेट कानांत येतात. त्यांच्यावर मात करण्यासाठीं ऐकणारा आवाज वाढवितो. आणि तो वाढलेला आवाज त्याच पाठींतून बाहेर पडून शेजारीं अभ्यासाला बसलेल्या धाकट्या बहिणीला त्रास देतो. म्हणून स्वतंत्र आणि शांत खोली असेल तरच उघडी पाठ घ्यावी. एरवीं बंद पाठ घ्यावी. हेडफोन निवडण्यापूर्वीं कान पाहावा तशीच खोलीही पाहावी, ती यासाठींच.

बाहेरचा आवाज विजेच्या साहाय्यानें उलट लहरी सोडून मारून टाकणारेही हेडफोन असतात. ज्यांचे वडील मूळचे बंगालचे, त्या अमर बोस यांच्या अमेरिकन कंपनीनें १९८९ सालीं वैमानिकांसाठीं असा हेडफोन प्रथम विक्रीस आणला. पंखा, आगगाडी, विमान यांच्या एकसुरी घरघरीवर ही योजना उत्तम चालते. माणसांच्या बोलण्यावर आणि भांड्यांच्या आवाजावर तितकी चालत नाहीं. ज्याला गोंगाटांत बसूनच ऐकावें लागतें, त्यानें या गुणासाठीं चार पैसे अधिक दिले तर ते वायां जात नाहींत. कारण गोंगाट कमी झाला म्हणजे आवाज कमी ठेवतां येतो.

तार असावी कीं नसावी, हा पुढचा प्रश्न. बिनतारी हेडफोन दिसावयास सुटसुटीत. परंतु त्यांत दोन जाती आहेत आणि त्यांतील भेद विकत घेणाऱ्यास ठाऊक असला पाहिजे. साध्या ब्लूटूथनें येणारा आवाज सेकंदाच्या एकदशांशापासून चतुर्थांशापर्यंत मागें पडूं शकतो. गाण्यांत हें कळतही नाहीं. खेळांत मात्र बंदुकीची ठिणगी आधीं दिसते आणि बार मागाहून ऐकूं येतो, तोंवर डाव संपलेला असतो. शिवाय जुन्या ब्लूटूथ पद्धतींत मायक्रोफोन चालू केला कीं ऐकण्याचाही दर्जा टेलिफोनच्या पातळीवर उतरतो. ज्या बिनतारी हेडसेटबरोबर संगणकांत खोंचण्याची वेगळी गुल्ली मिळते आणि जो २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो, त्यांत हा विलंब जाणवण्याइतका नसतो. तथापि कोणत्याही बिनतारी हेडफोनची बॅटरी कांहीं वर्षांनीं थकते, आणि ती बदलण्याची सोय बहुधा नसते. तारेला विलंब नाहीं, बॅटरी नाहीं, आणि तार सुटी करतां येण्याजोगी असली तर ती तुटल्यावर थोडक्या पैशांत दुसरी घेतां येते. टेबलापाशीं एका जागीं बसून खेळणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यास तारेचा हेडफोन हाच काटकसरीचा मार्ग होय.

तारेच्या हेडफोनांत 'ओहम' हा आंकडा तेवढा पाहून घ्यावा. जुन्या क्रिस्टल सेटबरोबरचे हेडफोन २,००० ओहमच्या आसपासचे असत. आजचे त्यामानानें फार खालचे आहेत. पण त्यांतही भेद आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एम ५० एक्स हा ३८ ओहमचा असून संगणकाच्या साध्या छिद्रावर मोकळेपणानें वाजतो, सेनहायझरचा एच्. डी. ६०० हा ३०० ओहमचा असून त्याला बहुधा स्वतंत्र अँप्लिफायर लागतो; आणि बायरडायनॅमिकचा डी. टी. ७७० प्रो हा ३२, ८० व २५० अशा निरनिराळ्या ओहमांत मिळतो. सर्वसाधारण घरानें ८० च्या आंतील आंकडा पसंत करावा, म्हणजे वेगळ्या यंत्राचा खर्च वांचतो. संगणकाच्या पुढच्या छिद्रांतून घरघर ऐकूं येत असेल, तर हेडफोनला दोष देण्यापूर्वीं यू. एस. बी. ला लावण्याचें एक छोटें साउंडकार्ड लावून पाहावें; पुष्कळदां तेवढ्यानेंच घरघर थांबते.

बोलण्यासाठीं मायक्रोफोन हवाच असेल तर दोन मार्ग आहेत. ज्याला रोज तासन् तास बोलावें लागतें त्यानें दांडीचा हेडसेट घ्यावा. दांडी तोंडाजवळ असल्यामुळें पंख्याचा आणि स्वयंपाकघराचा आवाज कमी पकडला जातो. ज्याला मुख्यतः ऐकावयाचें आणि मधून मधून बोलावयाचें आहे, त्यानें चांगला हेडफोन घेऊन सदऱ्याला किंवा हेडफोनच्या तारेला अडकविण्याचा मायक्रोफोन वेगळा घ्यावा. यांत लाभ असा कीं, एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो. एवढें मात्र पाहावें कीं, संगणकाला ऐकण्याचें आणि बोलण्याचें छिद्र निरनिराळें आहे कीं एकच. एका टोंकाचा हेडसेट दोन छिद्रांच्या संगणकाला लावण्यास दुफांटी तार लागते.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सर्व विवेचन, त्या कानाकडे यावें. प्रत्येक कानाच्या आंतील शंखांत सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींचें विजेच्या संदेशांत रूपांतर करून त्या मेंदूकडे पाठविण्याचें काम यांच्या जोरावर चालतें. या पेशी एकदां मेल्या कीं मनुष्याच्या शरीरांत त्या पुन्हां उगवत नाहींत. दांत पडला तर कवळी बसवितां येते, दृष्टि अधू झाली तर चष्मा मिळतो. श्रवणयंत्र आवाज मोठा करूं शकतें, पण गेलेली बारकाई परत देऊं शकत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनीं २०१९ सालीं जाहीर केलेल्या नियमांत प्रौढांसाठीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठीं ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, अशी मर्यादा सांगितली आहे. यांतील गणित ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आवाज ३ डेसिबलनें वाढला कीं सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास, आणि ९२ ला अवघे अडीच तास. जो तरुण रोज तीन तास खेळतो त्याचे आठवड्याला २१ तास होतात. त्यानें ८९ डेसिबलवर ऐकलें तर त्याचा आठवड्याचा शिधा दुसऱ्याच दिवशीं संपतो, आणि पुढचे पांच दिवस तो कानाच्या भांडवलांतून खर्च करीत राहतो.

खेळांत आणखी एक धोका आहे. पाऊल हळू वाजतें आणि स्फोट मोठा होतो. पाऊल ऐकूं यावें म्हणून आवाज वाढविला कीं पुढचा स्फोटही त्याच प्रमाणांत कानावर आदळतो. खेळांतील आवाजासंबंधीं नऊ देशांतील १४ अभ्यासांचें एक समालोचन २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत असे क्षणिक आवाज ११९ डेसिबलपर्यंत गेल्याची नोंद आहे. २०२५ सालीं तर आरोग्य संघटनेनें संगणकीय खेळांसाठीं सुरक्षित ऐकण्याचे वेगळे नियमच जाहीर केले. यावर उपाय घरांतल्या घरांत आहेत. खेळाच्या मांडणींत पार्श्वसंगीताचा आवाज वेगळा कमी करण्याची सोय बहुधा असते, ती वापरावी. पुष्कळ संगणकांवर विंडोजमध्यें 'लाउडनेस इक्वलायझेशन' ही योजना असते, तिनें लहानमोठ्या आवाजांतील अंतर कमी होतें. आणि सर्वांत उत्तम म्हणजे, रात्रीं घर शांत असतांना कमींत कमी किती आवाजांत सर्व कांहीं समजतें तें पाहून ती खूण लक्षांत ठेवावी, आणि दिवसाही तिच्या फारसें वर जाऊं नये. दिवसा त्या खुणेवर भागत नसेल तर चूक आवाजाची नव्हे. खोलीची किंवा हेडफोनची आहे. खेळ संपल्यावर कानांत घूं घूं असा नाद राहिला, किंवा घरच्यांचें बोलणें दबल्यासारखें वाटलें, तर ती कानानें दिलेली सूचना समजावी. आणि ती वारंवार येऊं लागली तर वैद्याकडे जाण्यास विलंब लावूं नये.

शेवटीं, खरेदीच्या वेळीं तपासावयाच्या चार साध्या गोष्टी. वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असावें. तासाभरानें मानेला त्याची किंमत कळते. चष्मा लावणाऱ्यानें चष्म्यासह आणि कानांत कुडी किंवा बाळी घालणारीनें ती घालूनच हेडफोन चढवून पाहावा. चष्म्याच्या काडीमुळें गादी कानाभोंवतीं नीट बसली नाहीं तर खर्जाचा आवाज निसटतो, आणि कुडीवर गादीचा दाब आला तर तो हेडफोन पेटींतच पडून राहतो. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत नकली चामड्याच्या गाद्या कांहीं वर्षांत सोलून निघतात. म्हणून बदलण्याच्या गाद्या सुट्या मिळतात कीं नाहीं हें विचारावें, आणि घाम फार येत असेल तर मखमली कापडाच्या पाहाव्या. प्रसिद्ध नांवांच्या नकला बाजारांत असतात, म्हणून पावती आणि हमीपत्र घ्यावें.

हेडफोन ही दरवर्षीं बदलण्याची वस्तु नव्हे, हेंही लक्षांत असावें. डी. टी. ७७० ही जात १९८५ पासून, सोनीची एम. डी. आर. ७५०६ ही १९९१ पासून आणि एच्. डी. ६०० ही १९९७ पासून विकली जात आहे. ज्या वस्तूला इतकीं वर्षें गिऱ्हाईक मिळत राहतें तिच्या गुणांची परीक्षा लोकांनीं केलेली असते, आणि तिचे सुटे भागही मिळण्याचा संभव अधिक असतो. तेव्हां घरांत एकच चांगला, बंद पाठीचा, तारेचा, समतोल स्वरांचा हेडफोन आणि एक वेगळा मायक्रोफोन घ्यावा. त्यावर मुलाचा खेळ, वडिलांचें गाणें आणि मुलीचें काम हीं तिन्ही चालतील. तिघांच्या वेळा एकच असल्या तरच दुसऱ्याचा विचार करावा.

मुलाला हेडफोन आणून देणाऱ्या आईबापांनीं त्याबरोबर आवाजाची खूणही त्याच दिवशीं ठरवून द्यावी. खेळांतील हार दुसऱ्या दिवशीं भरून काढतां येते, पेटींतला हेडफोन बदलून मिळतो. कान मात्र जन्मभर तेच वापरावयाचे असतात, आणि तंबोऱ्याची जवारी साठाव्या वर्षींही ऐकूं यावी कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं विसाव्या वर्षीं ठरतें.